फ्लड सर्ट, वकील, सर्व्हेअर, एजंट: न्यू जर्सीत ओढ्याकाठचं घर घेताना कोणाला किती स्टार

एक स्टार बँकेने मागवलेल्या फ्लड सर्टिफिकेटला (घर पुराच्या झोनमध्ये येतं का ते सांगणारा कागद), पाच स्टार सर्व्हेअरला, बाकीचे मधे कुठेतरी. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. सविस्तर लिहितेय कारण ओळखीतले निम्मे लोक सध्या सॉमरसेट नाहीतर मिडलसेक्स काउंटीत घरं बघतायत, मागे ओढा आणि झाडी दिसली की लगेच प्रेमात पडतात, आणि ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली की मला फोन येतो की अगं ते फ्लड झोनचं तुमचं काय झालं होतं.

तर घर असं. चार बेडरूमचं कॉलनियल, फिनिश्ड बेसमेंट, मागे डेक, डेकच्या पलीकडे उतार आणि उताराखाली ओढा जो पुढे रॅरिटन नदीला मिळतो. लिस्टिंगमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं, फ्लड झोनमध्ये नाही. पहिल्या लेंडरने फ्लड सर्ट काढलं त्यात झोन एक्स. म्हटलं छान. मग दुसऱ्या लेंडरने रेट बरा दिला म्हणून तिकडे गेलो, त्याने स्वतःचं सर्ट काढलं, त्यात झोन एई. घर तेच, फेमाचा, म्हणजे आपत्ती सांभाळणाऱ्या फेडरल खात्याचा, पुराचा मॅप तोच, मॅपच्या पानाचा पॅनल नंबरसुद्धा तोच, आणि एका कागदावर फ्लड इन्शुरन्स कंपल्सरी तर दुसऱ्यावर गरजच नाही.

हे होतं कसं तर या सर्टसाठी कोणी घरी येत नाही. क्लोजिंग डिस्क्लोजरमध्ये वीसेक डॉलरची एक ओळ असते, फ्लड डिटर्मिनेशन फी, त्यावर कोणाची नजरही जात नाही. बँक एका कंपनीला पत्ता देते, ती कंपनी तो फेमाच्या मॅपवर टाकते आणि घराची बिल्डिंग निळ्या पट्ट्यात, म्हणजे पुराच्या झोनमध्ये, येते का ते बघते. आमच्या बाबतीत निळा पट्टा घराच्या मागच्या कोपऱ्याला चाटून जात होता, एकाला तो कोपरा आत दिसला, एकाला बाहेर. आणि या चाटण्यावर सगळं अवलंबून, कारण ए नाहीतर व्ही ने सुरू होणारा झोन आला की १९७३ च्या फेडरल कायद्याप्रमाणे बँकेला फ्लड पॉलिसीशिवाय लोन देताच येत नाही. एक्स आला की सक्ती संपली.

मी चिडून वकिलाला विचारलं की चुकीचं सर्ट देणाऱ्यावर केस करता येते का. उत्तर ऐकून अजून चिडले. ते सर्ट बँकेसाठी असतं, आपल्यासाठी नाही, पैसे आपल्या खिशातून गेले तरी. १९८० च्या दशकापासून फेडरल कोर्टांनी परत परत सांगितलंय की फ्लडच्या या कायद्याखाली कर्जदाराला बँकेवर दावा लावायचा हक्क नाही, कायदा सरकारी पैसा वाचवायला केलाय म्हणे. मिसिसिपीतल्या एका खटल्यात २००८ साली फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने घर घेणाऱ्याला सर्ट काढणाऱ्या डिटर्मिनेशन कंपनीवरचा दावा पुढे चालवू दिला होता, पण तो तिथल्या राज्याच्या कायद्याखाली, न्यू जर्सीत त्याच्या भरवशावर कोणी घर घेऊ नये असं आमचा वकील म्हणाला. म्हणजे सर्टमध्ये एक्स आलं म्हणून निर्धास्त झालात आणि पुढे पाणी घुसलं तर ते तुमचं तुम्ही बघा. एक स्टारसुद्धा केवळ दोन्ही सर्ट वेळेवर आली म्हणून.

फेमाची मॅप सर्विस सेंटरची साइट तीन स्टार. फुकट आहे, पत्ता टाकला की मॅप दिसतो, फर्मेट नावाची पीडीएफ काढता येते, ती ऑफर द्यायच्या आधीच काढा. साइट जुनाट वाटते, फोनवर तर झूम करताना वैताग येतो, पण काम करते. काढल्यावर झोनच्या आधी पॅनलची तारीख बघा, मॅप जुना असेल तर त्यानंतर आसपास किती बांधलं गेलं, किती पार्किंग लॉट झाले ते त्यात नाही. आणि हा मॅप मुख्यतः नदी-ओढे आणि समुद्राच्या पाण्याचा आहे, तासाभरात धो धो पाऊस पडून गटारं तुंबली आणि रस्त्यावरून पाणी आलं तर त्याबद्दल तो काहीच बोलत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळ आलं तेव्हा मॅनव्हिलमध्ये काय झालं ते इथल्या लोकांना आठवत असेल, रॅरिटन आणि मिलस्टोनच्या संगमावरचं गाव, तिथे पाणी आलं यात नवल नव्हतं, पण त्याच रात्री कुठल्याच नदीजवळ नसलेल्या लोकांचीही बेसमेंट भरली.

एक टक्का हा आकडा पण फसवा आहे बरं का. एई झोन म्हणजे दर वर्षी पूर यायची शक्यता किमान एक टक्का, ऐकायला काहीच नाही वाटत, पण तीस वर्षांच्या मॉर्गेजवर धरलं तर ती २६ टक्के होते. चारातलं एक घर. नवऱ्याला हे पटवायला मला एक्सेल शीट करावी लागली, तो आकड्यांचा माणूस असूनही.

थोडं विषयांतर, पण टेक्सासवाल्यांसाठी. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीकडे आपले खूप लोक राहतात. तिथे २०१७ च्या हार्वे वादळात अ‍ॅडिक्स आणि बार्कर या दोन जलाशयांच्या वरच्या बाजूची हजारो घरं बुडाली, त्यातली बरीच फेमाच्या फ्लड झोनच्या बाहेर होती. फोर्ट बेंड काउंटीत काही सबडिव्हिजनच्या प्लॅटवर, म्हणजे वसाहतीच्या नोंदवलेल्या नकाशावर, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही जागा जलाशयाला लागून आहे, इथे पाणी साठू दिलं जाऊ शकतं. प्लॅट कोण वाचतं? डिसेंबर २०१९ मध्ये सरकारवरचे पैशाचे दावे ऐकणाऱ्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सने वरच्या बाजूच्या घरमालकांच्या बाबतीत सरकारला जबाबदार धरलं, तोवर लोकांची दोन वर्षं गेलेली आणि नुकसानभरपाईचा हिशोब व्हायचाच होता. तर फेमाचा मॅप क्लीन असला तरी प्लॅट मागवा, काउंटी क्लार्ककडे मिळतो.

आता वकील. न्यू जर्सीत एक चांगली सोय आहे, कॉन्ट्रॅक्टवर सही झाली की तीन वर्किंग डेजचा अटर्नी रिव्ह्यू असतो, त्यात वकील काहीही कारण न देता कॉन्ट्रॅक्ट रद्द करू शकतो, आणि दोन्हीकडचे वकील बोलून ते दिवस वाढवतात सुद्धा. आमच्या वकिलाला चार स्टार. का तर त्याने सेलरचा डिस्क्लोजर फॉर्म ओळ न ओळ वाचला. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत कायदा आहे की सेलरने पुराबद्दल लेखी सांगितलंच पाहिजे, प्रॉपर्टी कंडिशनच्या फॉर्ममध्ये त्याचे वेगळे प्रश्न आहेत, फेमाच्या झोनमध्ये आहे का, पाणी कधी आलंय का, क्लेम केलाय का, फ्लड इन्शुरन्स आहे का. आमच्या सेलरने झोनच्या प्रश्नाला माहीत नाही वर टिक केली होती, पाणी आलं का तर नाही, आणि दोन ओळी खाली फ्लड इन्शुरन्स आहे का तर हो. मी तो फॉर्म वाचला होता, नवऱ्याने वाचला होता, आमच्या एजंटने वाचला होता म्हणे. वकिलाने फोनवर एवढंच विचारलं की झोन माहीत नसलेला माणूस दर वर्षी फ्लडचा प्रीमियम का भरतोय.

मग त्याने सेलरकडे पॉलिसीचं डेक्लरेशन पेज मागितलं आणि फेमाकडची क्लेमची हिस्टरी मागितली. ही हिस्टरी फक्त चालू मालकालाच मिळते, आपण कितीही डोकं आपटलं तरी खरेदीदाराला देत नाहीत, त्यामुळे सेलरला ती मागवायला लावणं हे वकिलाचं काम. सेलरचा एजंट आधी म्हणाला गरज काय, तुमचं सर्ट एक्स आहे ना, मग दुसरं सर्ट दाखवल्यावर गप्प बसला. हिस्टरी क्लीन आली. वकिलाने कॉन्ट्रॅक्टमध्ये एक क्लॉज पण टाकला की फ्लड प्रीमियम अमुक रकमेच्या वर गेला तर आम्ही डिपॉझिट घेऊन बाहेर पडू शकतो. हा क्लॉज मागून घ्या, स्वतःहून सगळे टाकत नाहीत.

सेलर खोटं बोलला असता तर? न्यू जर्सीत या बाबतीत खरेदीदाराची बाजू बरी आहे, आणि त्याचं मूळ चक्क झुरळांच्या केसमध्ये आहे. घर घेतलं, क्लोजिंगच्या आधी संध्याकाळी जाऊन लाइट लावला तर सगळीकडे झुरळं, खरेदीदार म्हणाला नको मला हे घर, आणि १९७४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेलरने माहीत असलेला मोठा छुपा दोष जाणूनबुजून दडवला असेल तर व्यवहार रद्द होऊ शकतो. पुराला पण हेच लागू पडतं, पण सगळी मेख त्या माहीत असलेला या शब्दांत आहे, सेलरला माहीत होतं हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून तर तो फॉर्म, तो इन्शुरन्सचा हो, जुने क्लेम, शेजाऱ्यांकडचे फोटो, हे सगळं जपून ठेवायचं. वकिलाचा एक स्टार कापला कारण ईमेलला उत्तर पॅरालीगल, म्हणजे त्याची मदतनीस, देते आणि ते पण रात्री अकराला.

आता सर्व्हेअर, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. लायसन्स्ड लँड सर्व्हेअर बोलावून एलिव्हेशन सर्टिफिकेट काढून घेतलं, खर्च काही शे डॉलर, इन्स्पेक्शनच्या मुदतीत बसवलं. त्यात तुमच्या जागेची बेस फ्लड एलिव्हेशन, म्हणजे त्या एक टक्क्याच्या पुरात पाणी कुठवर चढेल ती उंची, आणि तुमच्या घराच्या वेगवेगळ्या भागांची उंची, फुटाच्या दहाव्या भागापर्यंत. हा मनुष्य सकाळी सातला थंडीत आला, ट्रायपॉड लावला, घराला पूर्ण चक्कर मारली, एसीचा पॅड, बेसमेंटच्या खिडकीचा खड्डा, गॅरेजचा उंबरा, सगळीकडे काठी टेकवून बघितलं, आणि शेवटी डेकखाली चक्क गुडघ्यावर बसून सगळ्यात लांबच्या खांबाच्या बुडाशी काठी धरली.

आमची बेस फ्लड एलिव्हेशन ४२ फूट. घराच्या भिंतीला लागून जमिनीचा सगळ्यात खालचा बिंदू ४२.६. म्हणजे जमीनच पुराच्या वर, आणि असं असेल तर फेमाकडून लोमा नावाचं पत्र मिळतं की हे घर झोनच्या बाहेर धरा. लोमाची फेमा फी घेत नाही, सर्व्हेअरचे पैसे तेवढे. मी खूश. तर हा म्हणतो थांबा, डेकचा खांब ४१.४ वर आहे, आणि डेक घराला बोल्ट केलेला आहे, म्हणजे तो घराचाच भाग, म्हणजे सगळ्यात खालचा बिंदू ४१.४, म्हणजे लोमा नाही मिळणार. अहो एका लाकडी खांबापायी! डेक घरापासून सुटा करून स्वतःच्या खांबांवर उभा केला तर परत मोजून अर्ज करता येईल असंही त्यानेच सांगितलं, डेक तोडा म्हणाला नाही, कोणा कंत्राटदाराचं नाव पण पुढे केलं नाही. सेलरचा एजंट तोपर्यंत लोमा आरामात मिळेल म्हणून किंमत एक डॉलर कमी करायला तयार नव्हता, या ४१.४ नंतर बोलणी सुरू झाली. पाच स्टार, सहा असते तर सहा.

लोमा मिळालं तरी बँक स्वतःच्या मर्जीने इन्शुरन्स मागू शकते, हे पण लक्षात असू द्या, सक्ती जाते पण बँकेचा हक्क जात नाही. उलट, आज एक्समध्ये असाल आणि पुढे मॅप बदलून एई झालात तर बँक नोटीस पाठवते, ४५ दिवसांत पॉलिसी दाखवली नाही तर ती स्वतः घेऊन पैसे तुमच्या माथी मारते, आणि तशी पॉलिसी नेहमी महागच असते.

इन्शुरन्स एजंटला दोन स्टार. पहिल्या कॉलवर म्हणाला तुमच्या होमओनर्स पॉलिसीत वॉटर कव्हर्ड आहे. ते वॉटर म्हणजे पाइप फुटणं, वरचे पैसे दिले तर सीवर बॅकअप. बाहेरून जमिनीवरून आलेलं पाणी होमओनर्समध्ये नसतंच, त्याला वेगळी फ्लड पॉलिसी, बहुतेकांची एनएफआयपीची, म्हणजे नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची, जी १९६८ पासून सरकार चालवतं, कागदावर नाव कुठल्याही खाजगी कंपनीचं असलं तरी. बिल्डिंगला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००. इथल्या घरांच्या आजच्या किमतीत अडीच लाखात काय होतं ते तुम्हीच बघा, जास्तीचं हवं तर प्रायव्हेट एक्सेस पॉलिसी घ्यावी लागते.

आणि बेसमेंट. हे मोठ्याने वाचा. एनएफआयपीत बेसमेंटमधली फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल, वॉशर-ड्रायर असल्या गोष्टी कव्हर आहेत. तुमचं होम थिएटर, सोफे, कार्पेट, बार, देवघर तिकडे हलवलं असेल तर ते, यातलं काही नाही. ज्याची फरशी चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली ते बेसमेंट अशी पॉलिसीत व्याख्या आहे, एका बाजूने वॉकआउट, म्हणजे थेट बाहेर उघडणारं दार, असेल तर कदाचित ते बेसमेंट ठरत नाही, आणि या एका वाक्यावरून लोक कोर्टात जातात. आमच्या एजंटला हे विचारलं तर म्हणाला बघून सांगतो. अजून बघतोय.

दोन स्टार का याचं खरं कारण पुढे आहे. सेलरची पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर ट्रान्सफर करता येते, आणि ती घेतली तर सेलरचा जुना रेट पण मिळतो. २०२१ पासून फेमाने प्रीमियम ठरवायची रिस्क रेटिंग २.० ही नवी पद्धत आणली, नव्या पॉलिसीला पूर्ण रिस्कचा प्रीमियम लागतो, पण जुन्या पॉलिसीवर राहत्या घरासाठी वाढ साधारण वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच. सेलर १,४०० च्या आसपास भरत होता, आम्हाला नवीन कोट आला ३,१०० च्या वर. एजंटने नवीन पॉलिसीचे कागद तयार करून सहीला पाठवले, ट्रान्सफरचं अवाक्षर नाही. हे वकिलाच्या पॅरालीगलने सांगितलं, रात्री अकराच्या त्या ईमेलमध्ये, म्हणून तिला मनातल्या मनात अर्धा स्टार परत. मग एजंट म्हणतो प्रायव्हेट घ्या, अजून स्वस्त. मिळते स्वस्त कधी कधी, पण एकदा प्रायव्हेटला गेलात आणि परत एनएफआयपीत आलात तर जुना रेट बहुतेक गेला, आणि प्रायव्हेट कंपनी रिन्यू करायला नाही म्हणू शकते.

ट्रान्सफरचा अजून एक फायदा तेव्हा कळला. आमचं क्लोजिंग नेमकं २०२५ च्या सरकारी शटडाऊनमध्ये आलं, १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत एनएफआयपीला नवीन पॉलिसी देताच येत नव्हती, काँग्रेसने त्या प्रोग्रॅमची मुदत वाढवली नव्हती. ओळखीत एकांचं क्लोजिंग त्यात लटकलं. आमची चालू पॉलिसी नावावर झाली आणि बँकेने मुकाट्याने घेतली. एरवी पण लक्षात ठेवा, नवीन फ्लड पॉलिसी ३० दिवसांनी लागू होते, लोनच्या क्लोजिंगसाठी घेतली तर मात्र लगेच. वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावून उपयोग नाही.

क्लेमचा अनुभव सुदैवाने आम्हाला नाही, पण वकिलाने दोन गोष्टी डोक्यात घातल्या त्या सांगते. नुकसान झाल्यापासून ६० दिवसांत सही-शपथेचं प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचा लेखी हिशोब, द्यायचं, नुकसान बघायला आलेला अ‍ॅडजस्टर कितीही गोड बोलला तरी. मोठ्या वादळानंतर फेमा कधी मुदत वाढवते, पण ते लेखी यायला हवं. थर्ड सर्किट, म्हणजे आपल्या वरचंच कोर्ट, त्याने २००५ मध्ये सांगितलंय की ही अट काटेकोर पाळायची, जवळपास पाळली चालत नाही, कारण पैसा सरकारी तिजोरीतला. दुसरं, क्लेम लेखी नाकारला की एका वर्षात फेडरल कोर्टात जायचं, राज्याच्या कोर्टात विमा कंपनीने छळलं म्हणून वेगळी भरपाई मागायची सोय इथे नाही. ही मोठी गोची आहे. २०१२ च्या सँडी वादळानंतर इंजिनिअरचे रिपोर्ट बदलून नुकसान कमी दाखवल्याचे आरोप झाले, इतका गदारोळ झाला की २०१५ मध्ये फेमाला सँडीचे क्लेम परत उघडून तपासायची सोय करावी लागली. म्हणून आम्ही ताबा घेतल्याच्या दिवशीच प्रत्येक खोलीचा, फर्नेसच्या सिरियल नंबरसकट, व्हिडिओ काढून क्लाउडवर टाकला.

घर घेतलं का? घेतलं, लिस्टिंगच्या खाली घेतलं, डेकच्या कामाचे पैसे क्रेडिट म्हणून मिळाले. पॉलिसी चालू आहे आणि लोमा मिळालं तरी ती बंद करणार नाही, ओढा काय फेमाचं पत्र वाचत नाही. डेक सुटा करायला टाउनशिपचं परमिट लागेल, आणि ओढ्याजवळ राज्याचे वेगळे नियम आहेत, २०२३ पासून राज्याने बांधकामासाठी धरायची स्वतःची डिझाइनची पूरउंची दोन फुटांनी वर नेलीय, ती फेमाच्या आकड्याशी जुळत नाही, म्हणजे परत सर्व्हेअरचंच दार. दोन कंत्राटदारांनी ओढा बघून कोट द्यायलाच नकार दिला, तिसरा येत्या आठवड्यात येतोय. त्याचे स्टार काम झाल्यावर.